कुलवृत्तांतात आजीच्या नावापुढे काय लिहावं?

सुरंगी (मेलबर्न)

जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मागच्या महिन्यात कॅनबेराचं युद्धस्मारक बघायला गेलो होतो. तिथे व्हिव्हियन बुलविंकल या नर्सचा पुतळा आहे, ऑगस्ट २०२३मध्ये बसवलेला. पायथ्याच्या दगडात स्टीलच्या २२ चकत्या जडवल्या आहेत. त्यांचा अर्थ कळला आणि मी तिथून हललेच नाही.

फेब्रुवारी १९४२. सिंगापूर पडायला आलेलं. १२ तारखेला ऑस्ट्रेलियाच्या ६५ लष्करी नर्सेस 'व्हायनर ब्रूक' या बोटीत चढल्या. १४ तारखेला सुमात्राजवळ बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ती बुडवली. १२ जणी समुद्रातच गेल्या. २२ जणी बांका बेटाच्या राजी किनाऱ्याला लागल्या. १६ तारखेला जपानी सैनिकांनी त्या २२ जणींना एका ओळीत पाण्यात चालायला लावलं आणि मागून मशीनगन चालवली. २१ गेल्या. व्हिव्हियनच्या कमरेच्या वर गोळी लागून आरपार गेली. मेल्याचं सोंग करून ती पाण्यावर पडून राहिली. पुढे जवळजवळ बारा दिवस एका जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा करत ती जंगलात लपली होती. शेवटी दुसरा इलाज उरला नाही तेव्हा शरण गेली.

छावणीत तिला तिच्या बाकीच्या ३१ जणी भेटल्या. राजी किनाऱ्याची साक्षीदार जिवंत आहे हे जपान्यांना कळलं असतं तर ती वाचली नसती. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की ही गोष्ट तोंडातून काढायची नाही. तिच्या गणवेशाला गोळीचं भोक होतं, त्यावर ती पाण्याची बाटली लटकवायची. साडेतीन वर्षं. त्या ३२ जणींपैकी ८ कैदेत वारल्या, २४ घरी परतल्या, आणि एकीनेही तोवर शब्द फुटू दिला नाही.

आता माझ्या आजीबद्दल. १९४३ ते १९४६ ती बेळगावला मोठ्या भावाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवत होती, असं आम्ही जन्मापासून ऐकलं. तिथे तिला कावीळ झाली, रंग पिवळा पडला, त्यापायी दोन स्थळं परत गेली, मग १९४७ला पुण्यात लग्न झालं. 'शाळेतली मैत्रीण' म्हणून मिरजेची मावशी दर दिवाळीला यायची आणि नाताळात आजी मिरजेला जायची. मावशी ख्रिस्ती. सोवळ्याओवळ्याच्या आमच्या घरात तिच्या पानाला कधी वेगळी पंगत झाली नाही. का झाली नाही, हे कुणी विचारलंही नाही.

आजी १९९९ला गेली, मावशी २००८ला. मावशीची मुलगी तिच्या शिवणाच्या डब्यातली दोन पदकं घेऊन आमच्याकडे आली. दोन्ही सारखीच, सहा टोकांची, 'बर्मा स्टार', म्हणजे युद्धात ब्रह्मदेश आघाडीवर काम केलेल्यांना मिळालेलं पदक. म्हणाली, "यातलं एक तुमच्या आईचं. आईने सांगून ठेवलं होतं." आजी बेळगावात नव्हतीच. ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये भरती होऊन ती कोमिल्ल्याच्या (आता बांगलादेशात) लष्करी इस्पितळात होती आणि मिरजमावशी तिथे शिकून तयार झालेली सिस्टर होती.

आई तेव्हा मला एवढंच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस."

आता आजोबांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. संपादककाकांनी फॉर्म पाठवलाय. जुन्या आवृत्तीत आजीच्या नावापुढे 'गृहिणी' एवढंच आहे. मला खरं लिहायचंय. आई म्हणते, तिने पन्नासहून जास्त वर्षं सांगितलं नाही, आपण कोण सांगणारे? तुमच्याकडे असं कुणी होतं का? तुम्ही काय केलंत?

बाभूळबन

लिहा. आपल्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या नोकऱ्या, बढत्या, रावबहादुरक्या पानभर असतात आणि बायकांपुढे माहेरचं नाव आणि मुलांची संख्या. एवढी मोठी गोष्ट हातात असून 'गृहिणी' छापणं हे खोटं छापणं आहे.

घाटावरचा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आजींना सांगायचं असतं तर स्वातंत्र्यानंतर ५२ वर्षं होती की. पदक स्वतःच्या घरात ठेवलं नाही, मैत्रिणीकडे ठेवलं, यातच त्यांचं म्हणणं आलं. मेलेल्या माणसाला 'माझं नाव वगळा' म्हणता येत नाही. आईंचा शब्द शेवटचा मानावा.

शिवाय त्या ऑस्ट्रेलियन नर्सेसचं गुपित जीव वाचवण्यासाठी होतं. आपल्या आजीचं लग्न जमण्यासाठी. दोन्ही एका मापाने कशी मोजणार?

मेट्रन (निवृत्त)

मी २८ वर्षं मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये काढली. घाटावरचा, 'लग्न जमण्यासाठी' हे तुम्ही सहज लिहून गेलात. तो काळ काय होता ते सांगते.

लष्करी परिचर्या आपल्याकडे १८८८ला सुरू झाली. मुंबई बंदरात दहा ब्रिटिश सिस्टर्स उतरल्या, तिथपासून. १९२६ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली. युद्ध पेटलं तेव्हा तयार नर्सेस फारच अपुऱ्या होत्या, म्हणून थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन मुली घेतल्या, ती ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिस. १९४३च्या अध्यादेशाने लष्करी नर्सेसना कमिशन मिळालं, म्हणजे सिस्टर ही अधिकारी झाली. कागदावर मान असा, आणि गावात बोलणी अशी की परपुरुषांची अंगं पुसते, रात्रपाळी करते, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढते. पुढारलेली म्हणवणारी घरंही मुलीला नर्सिंगला पाठवत नव्हती. ख्रिस्ती मुलींनी आणि केरळच्या मुलींनी हा पेशा तारला.

तेव्हा आजी 'शिक्षिका' होऊन परतल्या यात त्यांना लाज वाटत होती असं मी मानत नाही. घराला लाज वाटत होती, आणि त्यांनी घर सांभाळलं. माझ्या स्वतःच्या सासरी १९७८ साली 'मुलगी सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगितलं होतं. खातं कुठलं ते साखरपुड्यानंतर.

सुरंगी, फोटो आहे का? गणवेशावरून मला कदाचित काही सांगता येईल.

गुळवेल

मी डॉक्टर आहे आणि 'कावीळ' वाचून थबकलो. ती कावीळ नसावी.

जपानने जावा घेतलं आणि सिंकोनाची साल, म्हणजे जगाचं बहुतेक सगळं क्विनाईन, त्यांच्या हातात गेलं. मग हिवतापासाठी दोस्त सैन्याला मेपाक्रीन नावाच्या गोळ्या सुरू केल्या. पिवळ्या, कडूजहर, रोज एक. ब्रह्मदेश आघाडीवर १९४३मध्ये एका जखमी माणसामागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत, असं तिथले ब्रिटिश सेनानी जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय. हिवताप, आमांश, स्क्रब टायफस. तेव्हा कोमिल्ल्यात आजींच्या वॉर्डात गोळी लागलेल्यांपेक्षा तापाने फणफणलेलेच जास्त असणार. आणि नर्सेसनाही ही गोळी घ्यावी लागे. महिनोन्‌महिने घेतली की कातडी पिवळी होते. कावीळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, मेपाक्रीनने सहसा फक्त अंग. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो.

त्यांच्या अंगावरचा तो रंग युद्धाचा होता. घराने त्याला कावीळ म्हटलं.

सुरंगी

गुळवेल, हे वाचून मी ऑफिसातून आईला फोन लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ती कधी उसाचा रस प्यायची नाही. म्हणायची, कावीळ होती तेव्हा सगळ्यांनी इतका पाजला की आता वास नको." दुखणंच नव्हतं, तरी औषध म्हणून पीत राहिली बिचारी.

फोटो एकच आहे, मावशीच्या मुलीकडे. मागवते.

कृष्णाकाठ

मी मिरजेचा. आमच्याकडं डॉ. वानलेस यांनी १८९४ला मिशन हॉस्पिटल बांधलं आणि तीनच वर्षांत नर्सिंगची शाळा काढली. नगर, कोल्हापूर, सांगली, कोकणातनं ख्रिस्ती घरांतल्या पोरी इथं शिकायला यायच्या. माझी आज्जीची बहीण त्यातलीच. ती युद्धावर गेली नव्हती, पण तिच्या बरोबरीच्या गेल्या होत्या.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ह्या पोरींना घरून लपवायची गरज नव्हती. त्यांच्या घरात नर्स होणं मानाचं. चर्चमध्ये फोटो लागायचा. म्हणजे मिरजमावशीला स्वतःसाठी खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. तिनं स्वतःचं पदकही डब्यात ठेवलं, कारण तिचं बाहेर काढलं असतं तर 'तुम्ही दोघी बरोबर होतात ना?' हा प्रश्न आला असता. मैत्रिणीसाठी तिनं स्वतःचाही मान झाकून ठेवला. कुलवृत्तांतात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण त्या बाईचं काय?

बाभूळबन

कृष्णाकाठ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तानपुरा

थोडं विषयाला सोडून, पण त्याच छावणीबद्दल आहे. सुमात्रातल्या पालेम्बांगच्या छावणीत ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन बायका एकत्र कोंडलेल्या होत्या. त्यात मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी बाई आणि नोरा चेंबर्स या संगीत शिकलेल्या बाई. वाद्यं नाहीत, स्वरलिपीची पुस्तकं नाहीत. त्यांनी ड्व्होर्झाक, शोपँ अशा युरोपीय संगीतकारांच्या वाद्यवृंदाच्या आणि पियानोच्या रचना आठवून मानवी आवाजांसाठी लिहून काढल्या. शब्द नाहीत, नुसते स्वर. २७ डिसेंबर १९४३ला पहिली मैफल झाली. पहारेकरी गर्दी हटवायला धावत आले आणि ऐकत उभे राहिले. या नर्सेसपैकीही काही त्यात गात होत्या. १९४५पर्यंत गाणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्या जणी भुकेने आणि तापाने गेल्या. ड्रायबर्गबाईही गेल्या.

मी २० वर्षं समूहगान शिकवतो. श्वास कुठे घ्यायचा हे शेजारणीवर सोपवल्याशिवाय असं गाता येत नाही. ज्या बायका असं गाऊ शकतात त्या गुपितही राखू शकतात.

घाटावरचा

मेट्रनताई, माझा शब्द चुकला, मागे घेतो.

पण मुद्दा अजून सोडत नाही. व्हिव्हियनबद्दल मीही वाचलं आणि त्यात दोन मौनं दिसली. पहिलं मैत्रिणींचं, तिचा जीव राखणारं. ते १९४५ला संपलं. १९४६ला टोकियोच्या खटल्यात तिने हत्याकांडाची साक्ष दिली. दुसरं मौन त्यानंतरचं. गोळ्या घालण्याआधी त्या नर्सेसवर अत्याचार झाले होते, आणि ते बोलू नकोस असं व्हिव्हियनला वरून सांगण्यात आलं होतं, असं एका इतिहासकार बाईंनी २०१९मध्ये पुराव्यांसह मांडलं. व्हिव्हियन २०००मध्येच गेली होती. ते ओझं तिने ५५ वर्षं वाहिलं.

तर सुरंगी, आजींचं मौन यातलं कुठलं? त्यांनी निवडलेलं असेल तर पाळा. लादलेलं असेल तर मोडा. मला हे ठरवता येत नाही. तुम्हाला येतं का?

मेट्रन (निवृत्त)

घाटावरचा, या प्रश्नाबद्दल आभार. माझ्या अनुभवात ही दोन मौनं अशी सुटी करता येत नाहीत. लादलेलं मौन पंधरावीस वर्षं वाहिलं की ते आपलंच वाटायला लागतं. आजींना १९४७ला विचारलं असतं तर वेगळं उत्तर आलं असतं, १९९०ला वेगळं.

व्हिव्हियनबद्दल एक भर घालते. तिने आणि तिची मैत्रीण बेट्टी जेफ्रीने युद्धानंतर व्हिक्टोरिया राज्यभर गाडीने फिरून पैसे जमवले आणि १९५०ला मेलबर्नमध्ये नर्सेससाठी स्मारक केंद्र उभं केलं. गेलेल्या मैत्रिणींसाठी दगड उभारण्यापेक्षा चालत्या नर्सेसना उपयोगी पडेल असं घर हवं, असं त्यांना वाटलं. सुरंगी, हे तुमच्याच गावात घडलं.

वऱ्हाडची लेक

माझी आत्या ७१च्या युद्धात कलकत्त्याच्या बाजूला लष्करी इस्पितळात होती. अमरावतीहून गेलेली. तिची खोलीतली जोडीदारीण कोट्टयमची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मोडक्या हिंदीत चालायचं. आत्याकडे काम काय, तर हात गेलेल्या, डोळे गेलेल्या जवानांची पत्रं घरी लिहायची. मराठी पोरं तिच्याकडे, मल्याळी पोरं जोडीदारणीकडे. एक साताऱ्याकडचा पोरगा सांगे, "आईला लिहा, बरा आहे, पायाचं लिहू नका." आत्याने चार महिने पायाचं लिहिलं नाही. मग आई स्वतःच गाडीत बसून आली. आत्या दारात उभी होती, तिला आत सोडायच्या आधी सांगायचं होतं, आणि तोंडातून शब्द येईना. तेव्हा त्या कोट्टयमच्या बाईने, जिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, त्या आईला हात धरून बाकावर बसवलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून तो हळूच आडवा केला. आई समजली.

आत्याने हे मला एकदाच सांगितलं, माझ्या बाळंतपणात, रात्री तीन वाजता. तिच्या मुलांना माहीत नाही. मी इथे लिहिते आहे ते बरोबर की चूक, मलाही माहीत नाही.

गुळवेल

वऱ्हाडची लेक, बरोबर केलंत.

सुरंगी

चार दिवस लिहिलं नाही, कारण आईशी रोज बोलणं चाललं होतं. काल तिने आपणहून फोन केला. तिचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१, ती बारा वर्षांची होती. आमचा वाडा नदीपासून लांब, त्यामुळे वाचला. पूरग्रस्तांना शाळांमधून ठेवलं होतं. आजी दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून जवळच्या शाळेत गेली आणि आठ दिवस जेमतेम झोपायला घरी आली. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, पुढे कॉलऱ्याची टोचणी सुरू झाली तेव्हा टोचणं. काचेच्या सिरिंजा पातेल्यात उकळायच्या. मिळेल त्या गाडीने मिरजमावशी येऊन थडकली. दोघी न बोलता काम करायच्या. आजीने हात पुढे केला की मावशी त्यात हवं ते ठेवायची. वाड्यातल्या बायकांनी विचारलं, टोचायला कुठे शिकलीस गं? आजी म्हणाली, "शाळेत शिकवतात सगळं."

आणि स्टोव्हपाशी बसून पातेल्याकडे लक्ष ठेवायला आजोबा होते. बँकेत रजा टाकून. मावशीला ते त्या दिवसांत 'सिस्टर' म्हणत होते.

आई म्हणाली, "मी बारा वर्षांची होते. मला वाटलं ख्रिस्ती बाईंना सिस्टर म्हणतात."

मग म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं गं. दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे. आम्हालाच तेवढं नव्हतं."

मग दोघी फोनवर रडलो.

कृष्णाकाठ

ऑफिसात वाचतोय. दार लावून घेतलं.

बाभूळबन

शाळेत शिकवतात सगळं!

माझी आजी पानशेतच्या वेळी अशाच एका शाळेत होती, लहान मुलाला घेऊन. तिला तुमच्या आजीने टोचलं असेल का? आता कळायला मार्ग नाही, पण मी मनात तसंच धरून चालणार आहे.

घाटावरचा

सुरंगी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आजोबांपासून लपवलेलं नव्हतं, तर आता कुळापासून लपवायचं कारण नाही. लिहा. आईंना माझा नमस्कार सांगा.

सुरंगी

आईने स्वतः मजकूर सांगितला आणि मी उतरवून घेतला. "१९४३ ते १९४६ लष्करी परिचारिका, कोमिल्ला. बर्मा स्टार पदक. १९६१च्या पानशेत पुरात पूरग्रस्तांची शुश्रूषा." पुढे मिरजमावशीचं पूर्ण नाव, आणि "यांच्यासमवेत".

संपादककाकांचा फोन आला. आजीचा मजकूर त्यांना फार आवडला, पण कुळाबाहेरच्या व्यक्तीचं नाव वृत्तांतात घेत नाहीत, तसा नियम आहे म्हणाले. आई त्यांना म्हणाली, "मग आईचंही गृहिणीच राहू द्या." आणि फोन ठेवला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने कुणाचा फोन असा ठेवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. काका मंडळाच्या बैठकीत विषय ठेवणार आहेत.

मिरजेहून फोटो आला. दोघी व्हरांड्यात उभ्या, मावशी उंच, आजी तिच्या खांद्याएवढी, दोघी डोळे बारीक करून उन्हाकडे बघतायत. मेट्रनताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

आईचा एक प्रश्न: पदक काळवंडलंय, घासू का? ती चिंच घेऊन बसलीच आहे.

मेट्रन (निवृत्त)

अजिबात नको! चिंच नको, पितांबरी नको, राख नको. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा, बस. रिबन धुवू नका, रंग जातो. निळा, तांबडा, नारिंगी पट्टा अजून दिसत असेल तर सावलीतच ठेवा.

फोटो पाहिला. मावशींच्या उजव्या हातात काय आहे ते मोठं करून बघा. दोन मग आहेत, एक त्यांचा आणि एक आजींचा असावा. आजींचे दोन्ही हात पाठीमागे आहेत.